नागपूरच्या उन्हाळ्यात रायझन ९ ७९५०एक्स रेंडर करताना ९५ अंशांवर जातो. प्रोसेसर बिघडला आहे का?

नाही, बिघडलेला नाही. तुम्ही लिहिलंय की ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर असूनही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर सुरू झालं की अर्ध्या मिनिटात ९५ दिसतात, दुपारी क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडतो आणि दुकानदार म्हणतो, कूलर बदला. कूलरवर पैसे घालण्याआधी बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक आकडा बदलून बघा.

सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली, तेव्हा एएमडीने वरच्या मॉडेलांची आखणीच अशी केली. सगळे १६ कोर कामाला लागले की चिप वीज वाढवत जाते आणि २३० वॉट किंवा ९५ अंश, जी मर्यादा आधी येईल तिथे थांबते. कूलर आणखी मोठा लावला तर बऱ्याचदा आकडा ९५ च राहतो, फक्त चिप थोडी जास्त वीज ओढते. म्हणून नुसते अंश बघून काही कळत नाही, वॉट बघा. रेंडर चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'सीपीयू पीपीटी'ची, म्हणजे प्रोसेसर किती वॉट घेतोय याची ओळ शोधा. ९५ अंशांना १९० ते २३० वॉट दिसत असतील तर कूलर नीट बसलेला आहे. १५० वॉटलाच ९५ होत असतील तर मात्र बसवण्यात खोट आहे, त्याचं शेवटी सांगतो.

आता इथला हिशेब. कूलर किती उष्णता वाहून नेणार हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली ३० अंशांची असेल तर फरक ६५. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ४० ला टेकते, तेव्हा उरतो ५५. म्हणजे तोच कूलर १५ टक्के कमी उष्णता नेणार, २३० च्या जागी १९५ वॉटच्या आसपास. दुपारी क्लॉक पडायचं कारण हे.

उपाय असा: बायोसमध्ये 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' शोधा आणि त्यात इको मोड १०५ वॉटवर ठेवा. यात प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॉट होते, १०५ हे फक्त नाव. इको मोड दिसत नसेल तर हाताने भरा: पीपीटी १४२ वॉट, आणि करंटच्या दोन मर्यादा, टीडीसी ११० व ईडीसी १७० अँपिअर. काही बोर्डांवर हे मिलिवॉट आणि मिलिअँपिअरमध्ये मागतात, तिथे पुढे तीन शून्यं लागतात. ती राहिली तर मशीन बैलगाडीसारखं चालेल. रेंडरचा वेग साधारण ५ ते १० टक्के कमी होईल, तासाभराच्या कामाला चार-सहा मिनिटं जास्त. फोटोशॉपसारख्या, एक-दोन कोरवर चालणाऱ्या कामात फरक जाणवणार नाही, कारण त्यांना १४२ वॉट लागतच नाहीत. ६५ वॉटचा इको मोडही आहे (प्रत्यक्षात ८८ वॉट), पण त्यात रेंडरचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. तापमानाची मर्यादा ८५ वर आणायचा सल्लाही मिळेल. नागपुरात तो मला पटत नाही, कारण मग वेग पूर्णपणे खोलीच्या गरमीवर ठरतो.

बायोसचं अपडेट बाकी असेल तर ते आधी करा, कारण अपडेटनंतर या सेटिंग सहसा पुसल्या जातात. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं, पॉवरचं बटण दाबू नका. एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३ व्होल्टच्या वर नाही ना, तेही बघून घ्या.

कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोरचं व्होल्टेज कमी करणारी बायोसची सेटिंग, वापरायची असेल तर सगळ्या कोरना उणे १० पासून सुरुवात करा. इथे फसगत अशी होते की रेंडर तासन् तास नीट चालतं आणि रात्री नुसतं ब्राउझर उघडं असताना मशीन रीस्टार्ट होतं. हलक्या कामात एखादा कोर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो, तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया-लॉगर'ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची) नोंद दिसली तर आकडा शून्याच्या जवळ आणा, उदाहरणार्थ उणे १० चा उणे ५.

प्रोसेसरसाठी एसी घ्यायची गरज नाही. डेझर्ट कूलर पुरतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. ग्राफिक्स कार्ड धरून हे मशीन अर्धा किलोवॉटचा हीटरच आहे, ती गरम हवा बाहेर जायला वाट लागते. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर तुषारांबरोबर क्षार येतात, ओली धूळ रेडिएटरच्या पात्यांत बसते आणि वाळून पांढरी खपली होते, ती ब्लोअरनेही निघत नाही. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.

१४२ वॉटला, ४० अंशांच्या खोलीत, वरच्याच हिशेबाने तापमान ८० च्या आसपास यायला हवं. ९० च्या वर राहिलं तर आधी पंपाचे फेरे बघा. पंपाची वायर बोर्डावरच्या साध्या पंख्याच्या हेडरला (वायर जोडायच्या पिनांना) लावलेली असेल तर तो हळू फिरत असतो, पंपाच्या हेडरला लावून पूर्ण वेगावर ठेवा. तरीही फरक नसेल तर प्रोसेसरवरचा कूलर उतरवा. तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेली अनेकदा सापडते. जुनी थर्मल पेस्ट पुसा, मध्ये वाटाण्याएवढा आणि चार कोपऱ्यांकडे छोटे ठिपके द्या, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या कडेला खाचा आहेत, तिथे साधी पेस्ट गेली तर काही होत नाही. लिक्विड मेटल मात्र लावू नका, शेजारीच बारीक कपॅसिटर आहेत. प्रोसेसर सॉकेटमधून काढायची गरज नाही. एएम५ या त्याच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, आणि एक वाकली तरी बोर्ड खराब होऊ शकतो.