कांद्याची पट्टी कुणी काढायची, फोननं की सर्व्हरनं?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी वेब अ‍ॅप केलं आहे. पान उघडलं की लिलावाच्या तीन वर्षांच्या ४०,००० नोंदी ब्राउझरमध्ये येतात. शोध, क्रम, बेरजा आणि शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या विक्रीच्या पैशांचा हिशेब), सगळं तिथंच होतं. गाळ्यावरच्या कॉम्प्युटरवर छान चालतं, पण लिलावात मुनीमजींच्या फोनवर पान अडकून बसतं. मित्र म्हणतो, सगळं सर्व्हरवर ने. नेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळं नेऊ नका. शोध, क्रम आणि बेरजा मात्र आजच हलवा. एक नोंद २५० बाइटची धरली तरी ४०,००० नोंदींचे एक कोटी बाइट होतात, म्हणजे जवळजवळ १० एमबी. मुनीमजींना आजच्या ट्रॉल्यांची यादी हवी असते आणि त्यांचा फोन तीन वर्षांची चाळ उपसत बसतो. पानाची जावास्क्रिप्ट आणि बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देणं एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतं. तो हिशेबात गुंतला की बटणसुद्धा दाबलं जात नाही. वेब वर्करनं, म्हणजे हिशेब त्या रांगेबाहेर वेगळा चालवून, तेवढं सुटेल, पण १० एमबी उतरवणं काही टळत नाही. डेटाबेसमध्ये तारखेवर आणि शेतकऱ्याच्या खात्यावर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून सूची) टाका, आणि पन्नास-पन्नास नोंदीच मागवा.

पट्टीचं मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या. बारा वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका व्यापाऱ्यासाठी मी पट्टी ब्राउझरमध्ये काढायचे आणि आलेली रक्कम सर्व्हरवर तशीच साठवायचे. तेव्हा पट्टीतून हमाली-तोलाई कापली जायची. तोलाईचा दर बदलला, मी कोड बदलला. पण गाळ्यावरच्या एका कॉम्प्युटरवर पान सकाळपासून उघडंच होतं. त्यात जुना दर. दिवसभर त्यावरून चुकीच्या पट्ट्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी आपली आणि भावाची पट्टी शेजारी-शेजारी ठेवून मला फरक दाखवला. रक्कम किरकोळ होती, पण त्यांच्या घामाची होती. ते मी विसरलेले नाही.

म्हणून ज्या आकड्यावर पैसे मोजून दिले जाणार, तो सर्व्हरनंच काढायचा. फोननं खातं, वजन आणि भाव एवढंच पाठवावं. फोनकडून आलेली रक्कम साठवूच नका. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून ती कुणालाही बदलता येते. वजन शून्याहून जास्त आहे ना, खातं खरंच आहे ना, हेही सर्व्हरनं पुन्हा तपासायचं, फोननं तपासलेलं असलं तरी.

तरीही फोनवरचा हिशेब काढून टाकू नका. २३.४५ क्विंटल, भाव १,८५०; ४३,३८२ रुपये ५० पैसे हा आकडा टाइप करता करता दिसला पाहिजे. चुकून २३४.५ पडलं तर मुनीमजींच्या नजरेला ते तिथंच खटकतं, सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागत नाही. एकच हिशेब दोनदा होतो याला मित्र हरकत घेईल. घेऊ दे. फक्त दोन्हीकडे रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये धरा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते.

आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. लिलाव भरात असताना फोनची रेंज जाते. नोंद आधी फोनच्याच इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, ठेवा, रेंज आली की पाठवा. तिला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्या. कारण नोंद पोचते, उत्तर वाटेत हरवतं, फोन ती पुन्हा पाठवतो आणि एकच ट्रॉली वहीत दोनदा चढते. तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरनं नवी नोंद न करता पहिल्याच नोंदीचं उत्तर परत द्यावं. ते उत्तर येईपर्यंत नोंदीपुढं ‘कच्ची’ असं दिसू द्या, आणि पट्टी छापायचं बटण बंद ठेवा.