काचेच्या डब्यात जागा नाही? बरंच झालं!

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं स्वित्झर्लंडला चाललोय. मुक्काम झुरिकला, स्विस ट्रॅव्हल पास काढून झालाय. बर्निना एक्स्प्रेस या छतापर्यंत काचा असलेल्या गाडीने इटलीतल्या तिरानोपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असा बेत होता. पण आमच्या तारखेच्या सगळ्या जागा भरल्यात. तारीख हलवली तर पुढची हॉटेलं हलवावी लागतील. ट्रिपच रद्द करावी का?

उत्तर : अजिबात नको. उलट मी म्हणेन, सुटलात!

बर्निना एक्स्प्रेस ज्या रुळांवरून जाते, त्याच रुळांवरून ऱ्हेशियन रेल्वेची साधी गाडीही धावते, तीसुद्धा साधारण दर तासाला. तेच पूल, तेच बोगदे, तीच हिमनदी. एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचं आणि पास असला तरी त्याचे फ्रँक वेगळे मोजावे लागतात. साध्या गाडीत तुमचा पास थेट तिरानोपर्यंत चालतो, सीमेपलीकडच्या तुकड्यासकट. आरक्षणाची भानगडच नाही, चढायचं आणि बसायचं. छतापर्यंत वळलेल्या काचा तेवढ्या मिळणार नाहीत. पण त्या काचांवर ऊन आलं की फोटोत निम्म्या वेळा समोरच्या बाईची ओढणी उमटते, हे माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण. झुरिक ते कूर सव्वा तास, कूर ते सेंट मॉरिट्झ दोन तास, तिथून तिरानो सव्वादोन-अडीच तास. गाड्या बदलायचा वेळ धरला की एका बाजूचे सहा तास झाले. जाऊन-येऊन बारा! संध्याकाळी परतताना समोर हिमनदी असेल आणि तुम्ही दोघं माना टाकून घोरत असाल. तेव्हा दोन रस्ते. एक, आदल्या रात्री कूरला मुक्काम करा, मग तिरानो आरामात होतं. दुसरा मला जास्त आवडतो : तिरानोचा हट्ट सोडा आणि वाटेतल्या आल्प ग्रुम स्टेशनावरून मागे फिरा.

झुरिकहून सातच्या सुमारास निघा. कूरला तांबड्या छोट्या गाडीत बसाल ती मीटरगेज. सेंट मॉरिट्झकडे तोंड करून उजवीकडची खिडकी धरा. फिलिझूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो : 65 मीटर उंच, सहा कमानींचा, आणि सरळ नाही तर वळणावर बांधलेला. त्यामुळे आपल्याच गाडीचा पुढचा भाग पुलावरून जाताना दिसतो आणि पूल संपतो न संपतो तोच कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो. पुढे बेरग्यून ते प्रेडा या टप्प्यात चारशे मीटरहून जास्त चढ आहे. तो चढायला रूळ डोंगराच्या आत आणि बाहेर गिरक्या घेतात. खालचं गाव एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत येतं आणि आपण नेमके कुठे तोंड करून चाललोय हे कळेनासं होतं. प्रेडानंतर सुमारे सहा किलोमीटरचा आल्बुला बोगदा. 2024 साली जुन्या बोगद्याशेजारचा हा नवा बोगदा वापरात आला. जेवणाचा डबा उघडायचा असेल तर तो इथे उघडा, बाहेर बघण्यासारखं काही नाही.

सेंट मॉरिट्झला गाडी बदला. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे पाच-दहा मिनिटं आधी फलाटावर असाल तर हवी ती खिडकी तुमची. पुन्हा उजवीच बाजू. इथून बर्निना मार्ग सुरू होतो. तो 1910 साली पूर्ण झाला. 2008 पासून हा आणि मघाचा आल्बुला मार्ग मिळून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. चढ 7 टक्के, म्हणजे साधारण 14 मीटरला 1 मीटर. आपल्या बोरघाटात तो 37 ला 1 आहे आणि तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. इथे चाक अडकवून चढायला दातेरी रूळही नाही. साधी चाकं साध्या रुळावरून चढतात. गाडी छोटी, प्रत्येक चाकाचा जोर नीट वापरलेला, आणि वेग असा की शेजारच्या पायवाटेवरच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी कुठल्या रंगाची ते सांगता यावं. उतारू गाडीच्या शेपटाला कधीकधी लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणीही जोडलेल्या असतात. एक्स्प्रेसवाल्यांना ही मजा नाही.

आता उतरायचं कुठे? ऑस्पिझिओ बर्निना इथे. 2253 मीटर, या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन. बाहेर पडलात की पुढ्यात लागो बियान्को हे तळं. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात मिसळल्यामुळे त्याला तो दुधाळ रंग आलाय. जवळच एक काळसर छोटं तळं आहे. त्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि शेवटी काळ्या समुद्राला मिळतं, तर लागो बियान्कोचं पो नदीमार्गे एड्रियाटिक समुद्राला. पाणलोटाची सीमा या दोघांच्या मधून जाते.

तळ्याच्या काठाने पायवाट धरा. दीड-दोन तासांत, बहुतेक उतारानेच, आल्प ग्रुम येतं. पायी चालायचं नसेल तर पुढच्या गाडीने एकच टप्पा. या स्टेशनला मोटारीचा रस्ता नाही, रेल्वेने या नाहीतर पायी या. दगडी स्टेशनातच उपाहारगृह आहे, समोर पालूची हिमनदी आणि खाली पॉस्कियावोचं खोरं. तिथे तासभर बसा. पुढची गाडी चुकली तर त्यानंतरची तासाभराने, घड्याळाच्या त्याच मिनिटाला येते, इथलं वेळापत्रक तसंच आखलेलं असतं. एक्स्प्रेसमध्ये बसला असतात तर हे बहुतेक सगळं काचेआडून, पुढे सरकत सरकत पाहिलं असतं. मी साध्या गाडीची बाजू घेते ती एवढ्यासाठी.

दोन बारीक गोष्टी. काही छोट्या स्टेशनांवर गाडी मागणी असेल तरच थांबते. डब्यातलं बटण वेळेवर दाबा आणि फलाटावर असाल तर तिथलं. आणि सप्टेंबर असला तरी वरचा वारा बोचरा असतो, जाकीट हॉटेलात विसरू नका.

---

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मिलानला असते. आई पहिल्यांदाच येतेय, वय 68, पक्की शाकाहारी, आणि तिला घाटात बस लागते. तिला बर्निनाची गाडी झेपेल का? एका दिवसात होईल?

उत्तर : मिलानहून तर हे झुरिकपेक्षा सोपं आहे. मिलान ते तिरानो लोकल प्रकारची गाडी अडीच तासांत जाते. जाताना डावीकडे बसा, लेक्कोच्या पुढे बराच वेळ कोमोचं सरोवर सोबत करतं. या गाडीलाही आरक्षण नसतं. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. तिरानोत दोन्ही रेल्वेंची स्टेशनं एकाच चौकात आहेत, आईला चालावं लागणार नाही. तिथून वर आल्प ग्रुमपर्यंत दीड तासाच्या आत पोचता.

बस लागणाऱ्या बहुतेकांना ही गाडी लागत नाही, कारण हिसके नसतात. तरी तिला गाडीच्या दिशेला तोंड करून बसवा आणि मोबाइल बघू देऊ नका. कानांत दडे मात्र बसतील. तिरानो 429 मीटरवर आहे आणि आल्प ग्रुम 2091 वर. लिमलेटच्या गोळ्या ठेवा.

या बाजूने जाण्यात एक फायदा आहे. सगळी गंमत सुरुवातीलाच, ताज्या डोळ्यांनी बघायला मिळते. तिरानोतून निघाल्या निघाल्या गाडी ट्रामसारखी रस्त्यावरूनच, मादोन्नाच्या चर्चच्या अंगणाजवळून जाते. मोटारी थांबून वाट देतात. मग ब्रुसिओ : नऊ कमानींचा गोल पूल. वर जाताना गाडी आधी त्याच्या एका कमानीखालून निघते, उघड्या कुरणात पूर्ण गिरकी घेते आणि मग त्याच पुलावर चढते. आईला शेवटच्या डब्यात बसवा, म्हणजे आपलंच इंजिन समोरून जाताना तिला दिसेल. पुढे पॉस्कियावोचं तळं उजवीकडे येतं आणि ले प्रेसे गावात गाडी पुन्हा घरांच्या दारांवरून, शिट्टी देत, हळूहळू सरकते. पॉस्कियावोनंतर डावीकडे जागा मिळाली तर बदला.

खाण्याचं : परतल्यावर तिरानोत पिट्सोक्केरी मागवा. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, लसूण, वितळलेलं चीज आणि लोणी. पोटभरीचं आहे, दोघींत एक ताट पुरेल. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायला वापरतात ते, जनावराच्या पोटातून काढलेलं) असू शकतं. आईला ते चालत नसेल तर आधी विचारा. ब्रेसाओला या नावापासून मात्र लांब राहा, ते सहसा गोमांस असतं.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमेवर सहसा तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, असले तरी पासपोर्ट जवळ हवाच. तुझ्या इटालियन सिमच्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते आधी बघ. तो देश युरोपीय संघात नाही आणि रोमिंगचं बिल घाटापेक्षा जास्त चढू शकतं.

---

प्रश्न : बंद काचेतून फोटो धड येत नाहीत. काही युक्ती?

उत्तर : गडद कपडे घाला, फोन काचेला टेकवा, फ्लॅश बंद ठेवा. पण त्याआधी फलाटावर गाडीची पूर्ण लांबी चालून बघा. नव्या डब्यांमागे जुने डबे जोडलेले असले तर त्यांच्या खिडक्या खाली सरकतात. उन्हाळ्यात काही साध्या गाड्यांना बिनछपराचे पिवळे डबेही लावतात. त्यात बसलात तर टोपीला हनुवटीखाली बांधायचा पट्टा हवा आणि बोगद्यात स्वेटर. हात बाहेर काढू नका, बोगद्याच्या भिंती फार जवळून जातात.

---

प्रश्न : एकच दिवस आहे. ग्लेशिअर एक्स्प्रेस की बर्निना?

उत्तर : बर्निना. ग्लेशिअर एक्स्प्रेस झेरमाटहून सेंट मॉरिट्झला पोचायला सुमारे आठ तास घेते, म्हणजे त्याच दिवशी परत येणं विसरा. मुक्काम हलवणारच असाल तर जरूर जा. लांडवासरचा पूल तिच्या वाटेवरही आहे, पण तो पाहायला कूरहून सुटणारी साधी गाडी पुरते.