आर्णीच्या मुलाला उत्तर: बर्फाची धावपट्टी आणि आडवा वारा

तू लिहिलंस, "दादा, बारावी झाली. गोंदियाला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करून कॅनडात उत्तरेकडे छोटी विमानं उडवायची आहेत. बर्फावर, त्यात आडव्या वाऱ्यात उतरवणं आपल्याच्यानं होईल का? की शिकायलाच तिकडे जाऊ?" उत्तराला उशीर झाला, कारण पोळ्याला गावी आलोय आणि आमच्या खारपाणपट्ट्यात पावसाळ्यात रस्ता आणि नेटवर्क सोबतच जातात.

शिकायचं कुठे, ते आधी. उड्डाणाचे २०० तास इथेही लागतात, तिथेही. इथले तास तिकडे धरतात, पण ट्रान्सपोर्ट कॅनडाचं, म्हणजे तिकडच्या सरकारी वाहतूक खात्याचं, मेडिकल, लेखी परीक्षा आणि फ्लाइट टेस्ट चुकत नाही. खरी अडचण काम करायच्या परवान्याची. तिकडे जाऊन शिकलास तरी प्रत्येक फ्लाइंग स्कूलचा कोर्स नंतरच्या वर्क परमिटला चालतोच असं नाही. पैसे भरायच्या आधी हे लेखी घे. एजंटच्या तोंडी शब्दावर वावर गहाण टाकू नकोस; मी टाकलं होतं, दीड एकर, सोडवायला सहा वर्षं लागली.

लायसन्स आलं की कॉकपिट मिळतं, असंही समजू नकोस. उत्तरेतल्या लहान कंपन्यांत नवे पोरं बहुधा आधी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या फरशीवर, राबतात. मी चौदा महिने सामान चढवलं आणि पहाटे उणे ३५ मध्ये इंजिनावर गोधडीसारखं कव्हर टाकून खालून हीटर लावला. पंखावर नुसता पांढरा थर धरला असला तरी उडायचं नाही, तसा नियमच आहे. तो थर नीट दिसत नाही, हात फिरवून पाहावा लागतो. ही हमाली वाया जात नाही, एवढं खरं.

आता उतरायचं. काल भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून वावरात निघालो. पांदणीवर काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल. समोरून बैल आला आणि याने कचकन पुढचा ब्रेक दाबला. चाक थांबलं, गाडी नाही थांबली. दोघंही धुऱ्यावरून पऱ्हाटीत. बाबा मागून चालत आले, म्हणाले, "बिरेक कायले दाबला बे?" माझा पहिला इन्स्ट्रक्टर इंग्रजीत हेच म्हणायचा.

आडव्या वाऱ्यात येताना विमानाचं नाक वाऱ्याकडे थोडं वळवलेलं असतं, खेकड्यासारखं तिरपं. टेकायच्या जरा आधी रडरने, म्हणजे शेपटावरच्या उभ्या हलत्या फळीने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख एलरॉनने, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीने, किंचित खाली ठेवायचा. त्या बाजूचं चाक आधी टेकतं. कोरड्या डांबरावर थोडी चूक झाली तर टायर घासतो, पकडतो आणि विमानाला सरळ करतो. बर्फावर ही माफी नाही. टेकताना बाजूला सरकत असशील तर टेकल्यावरही सरकतच राहशील, कडेला लोटलेल्या बर्फाच्या बांधापर्यंत. मध्येच एखादा उघडा डांबराचा पट्टा लागला तर आणखी वाईट, एकच चाक एकाएकी पकडतं आणि सगळा आडवा झटका त्या चाकाच्या दांड्यावर येतो.

सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे, म्हणजे ताशी २८ किलोमीटर. तो आकडा घसरड्या बर्फासाठी नाही. तिकडे धावपट्टीची पकड मोजून सांगतात: शून्य ते एक असा निर्देशांक असतो, कोरड्या डांबराचा ०.८ च्या वर, नुसत्या बर्फाचा खूप खाली. शिवाय ६ ते ० असा कोडही देतात. ६ म्हणजे कोरडी, १ म्हणजे काचेसारखा गोठलेला बर्फ, ० म्हणजे पाणी सुटलेला बर्फ. आभाळातून पडून दबलेला बर्फ असेल आणि बाहेरची हवा उणे १५ किंवा त्याहून थंड असेल तर कोड ४, त्याहून उबदार असेल तर ३. म्हणजे कडाक्याच्या थंडीला भिऊ नकोस. शून्याजवळचं, जरा बरं वाटणारं हवामान जास्त दगा देतं. चिखलाचंही तसंच, पूर्ण वाळलेला किंवा पूर्ण भिजलेला परवडतो, वरवर ओलसर झालेला पाडतो.

वारा सांगतील २० नॉट, पण त्याची दिशा धर. धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर आडवा हिस्सा निम्मा, १० नॉट. ६० अंशांत गेला की १७. हे गणित तोंडपाठ हवं.

आणि डोळे फसवतात. बर्फाची भुकटी धावपट्टीवरून सापासारखी आडवी सरपटते तेव्हा वाटतं आपणच सरकतोय, आणि नको तिकडे रडर दिला जातो. नजर लांबच्या दिव्यांवर ठेवायची.

माझी फजिती मात्र टेकल्यावर झाली. दुसऱ्या हिवाळ्यात, एका छोट्या वस्तीच्या खडीच्या पट्टीवर, मागे अंड्यांचे क्रेट. टेकवलं झकास, मनात स्वतःची पाठही थोपटली. वेग उतरला तसा रडरला वाराच उरला नाही, शेपटावर झोत बसला आणि वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे फिरलं. मी ब्रेक दाबला. भाच्यासारखाच. बांधात नाक खुपसून उभे राहिलो. प्रोपेलर वाचला, अंडीही वाचली, पण कंपनीने तीन आठवडे पुन्हा रॅम्पवर धाडलं. तेव्हापासून विमान पूर्ण थांबेपर्यंत एलरॉन वाऱ्याकडे दाबलेलाच असतो आणि ब्रेकवर नुसता पायाच्या अंगठ्याचा भार.

आपल्याच्यानं होईल का, तर होईल, हात शिकतात. अवघड आहे ते परत फिरणं. मागे लोक बसलेले, खाली वाट पाहणारे, आणि तू म्हणायचं की आज उतरत नाही. त्यासाठी टाकीत दुसऱ्या पट्टीपर्यंतचं पेट्रोल सकाळीच मोजून घेतलेलं असावं लागतं. गोंदियाला गेलास तर उन्हाळ्यातल्या दुपारी, वारा सुटला की बाकीचे चहाला जातात तेव्हा इन्स्ट्रक्टरला म्हण, आत्ता नेता का?

मी पुढच्या रविवारपर्यंत गावी आहे. मार्कशीट आणि एजंटचे कागद घेऊन ये. दर्यापूरहून बस मिळते, शेवटचे दोन किलोमीटर पायी ये. गाडी आणू नकोस.