सांगितला बल्ब, बसवले दिवे: भरलेले बिल परत मागता येते का?

प्रश्न: माझ्या गाडीचे ब्रेक लाइट लागत नव्हते, म्हणून मी गॅरेजमध्ये बल्ब बदलण्यास सांगितले. संध्याकाळी पाहतो तर दोन्ही बाजूंचे टेल लॅम्प अख्खे बदललेले होते आणि बिल अंदाजाच्या कितीतरी पट होते. पूर्ण रक्कम भरल्याशिवाय किल्ली देणार नाही, असे सांगितल्याने मी ती भरली. आठवड्याच्या आत ब्रेक लाइट पुन्हा बंद पडले. आता गॅरेजमालक म्हणतात की, पैसे भरले म्हणजे बिल मान्य केले. हे बरोबर आहे का?

उत्तर: हे बरोबर नाही. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे दिलेली रक्कम ती घेणाऱ्याने परत केली पाहिजे, असे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ सांगते. त्या कलमाखालचे एक उदाहरण तर आपल्या प्रसंगाशी फारच जुळते. रेल्वे कंपनी बेकायदा जादा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, मालाचा धनी तो सोडवून घेण्यासाठी पैसे भरतो, आणि तरीही बेकायदा ठरणारा जादा भाग परत मागण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. आपण किल्लीसाठी पैसे भरले ते याच नाइलाजाने.

गॅरेजमालक दोन गोष्टी पुढे करतील. पहिली म्हणजे, मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा याच कायद्याच्या कलम १७० खालील हक्क. तो हक्क खरा आहे, परंतु ज्या कामासाठी गाडी सोपवली त्या कामापुरताच. न सांगितलेल्या कामासाठी तो वापरता येत नाही. दुसरी म्हणजे, नव्या दिव्यांचा लाभ आपण घेत आहात, म्हणून कलम ७० प्रमाणे मोबदला द्यावा. यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, वस्तू नाकारण्याची किंवा परत करण्याची मुभा घेणाऱ्याला असते. म्हणून गॅरेजला पाठवायच्या नोटिशीतच लिहा की, दोन्ही टेल लॅम्प परत करण्यास आपण तयार आहात, मात्र जुने दिवे आपल्याला मिळाले पाहिजेत. हे वाक्य गाळू नका, कारण त्यावाचून त्यांचा दुसरा मुद्दा बळकट होतो.

आपली बाजू कशाने पडेल, तेही सांगतो. जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर, ‘आवश्यक ते काम करावे’ असे लिहून आपली सही घेतलेली असेल, किंवा फोनवर आपण ‘लागेल ते करा’ म्हटले असेल, तर संमतीचा प्रश्न कठीण होतो. जॉब कार्डची प्रत आधी मिळवा.

तशी संमती असली, तरी निदान चुकीचे होते हा मुद्दा उरतोच, आणि माझ्या मते आपल्या प्रकरणात तोच अधिक भक्कम आहे. दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट एकदम बंद पडतात तेव्हा दोष बहुधा दिव्यांत नसतो. तो फ्यूजमध्ये किंवा ब्रेक पेडलजवळच्या स्विचमध्ये असतो. मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेक लाइटही लागत नव्हता का, हे आठवून पाहा. तोही बंद असेल, तर टेल लॅम्प बदलून काहीच साधणार नव्हते. एलईडीचे बंदिस्त दिवे असल्यास आत सुटा बल्ब बदलता येत नाही, असे ते म्हणू शकतात. पण दोष स्विचचा निघाल्यास तेही गैरलागू ठरते. ब्रेक लाइट नसलेली गाडी रस्त्यावर आणणे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. दुसऱ्या मेकॅनिककडून दुरुस्ती करून घ्या, दोष कुठे होता हे त्याच्या सहीने लिहून घ्या आणि काढलेला भाग स्वतःजवळ ठेवा.

त्यानंतर पोहोच-पावतीसह नोटीस पाठवा. तीत टेल लॅम्पची किंमत, त्यांची मजुरी आणि दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च मागा; मूळ तपासणीची वाजवी मजुरी मात्र वजा करा. न्याय्य आकडा मागणाऱ्याचे म्हणणे ग्राहक आयोगही अधिक विश्वासाने ऐकतो. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथेही मार्ग निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. गॅरेजने बिल दिलेच नसेल, तर ते मागूनही न देणे हे या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. तसे असल्यास पैसे भरल्याचा बँकेतील किंवा यूपीआयचा पुरावा तक्रारीला जोडावा.