गाडी कोणाच्या पैशांतून घ्यावी, हा प्रश्न नंतरचा

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आई-बाबा नाशिकला राहतात. मी ठाण्यात नोकरी करते. क्लच दाबताना बाबांचा गुडघा दुखतो, म्हणून १२ लाखांची ऑटोमॅटिक गाडी घेण्याचे ठरले आहे. त्यांनी मे २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १२ लाख मोडावेत, की गाडी माझ्या नावावर घेऊन मी कर्ज काढावे? बाबांना काचबिंदू आहे आणि लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपले आहे, पण ‘बंपर-टू-बंपर’ विमा घेतला की काळजी नाही, असे एजंट म्हणतो. सोसायटीचे फाटक अरुंद असल्याने गाडीच्या डाव्या दाराला त्याचा पिवळा रंग सारखा लागतो, एवढीच काय ती तक्रार आहे.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे. योजनेतल्या १२ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ९८ हजार, म्हणजे महिन्याला ८,२०० रुपये येतात. खाते मुदतीपूर्वी बंद केले, तर एक टक्का, म्हणजे १२ हजार रुपये कापले जातील आणि हे उत्पन्नही थांबेल. पाच वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता २५ हजारांच्या आसपास बसेल आणि व्याजापोटी तीन लाख जातील. माझे मत विचाराल तर यांपैकी काहीही करू नका, कारण खरा धोका तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे.

वयाच्या ५५ वर्षांनंतर लायसन्सचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. म्हणजे तुमचे वडील गेली दोन वर्षे विनालायसन्स गाडी चालवत आहेत. पोलिसांचा ५,००० रुपयांचा दंड ही यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. ‘बंपर-टू-बंपर’चा अर्थ एवढाच की, दुरुस्तीच्या वेळी सुट्या भागांची घसारा-कपात (भाग जुना म्हणून रक्कम कमी करणे) होत नाही; चालकाकडे वैध लायसन्स नसेल, तर कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावाच नाकारू शकते. ही गोष्ट एजंटाला ठाऊक असायलाच हवी, आणि ती लपवून ७६ वर्षांच्या माणसाच्या कुटुंबाला निर्धास्त करणे हे माझ्या दृष्टीने अक्षम्य आहे.

अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर काय होईल, तेही आकड्यांत पाहा. ३२ वर्षांचा, महिना ४० हजार कमावणारा, घरी पत्नी व मूल असलेला तरुण धरू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे भावी उत्पन्नवाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा आणि वार्षिक रकमेला या वयासाठी ठरलेल्या १६ या अंकाने गुणायचे; भरपाई ७० लाखांच्या वर जाते. चालकाकडे लायसन्स नसलेल्या अशा प्रकरणांत मोटार अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला ही रक्कम मृताच्या कुटुंबाला द्यायला लावते आणि ती गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. गाडी तुमच्या नावावर असेल, तर त्या मालक तुम्ही असाल. कर्ज कोणाच्या नावावर घ्यावे, हे विचारताना तुमच्या मनात फक्त हप्ता होता.

आता त्या पिवळ्या रंगाबद्दल. फाटक दोन्ही बाजूंनी अरुंद आहे, मग रंग डाव्याच दाराला का लागतो? काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते आणि समोरचे स्वच्छ दिसत असल्याने माणसाला स्वतःला ते जाणवतही नाही. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. मोतीबिंदूसारखा हा शस्त्रक्रियेने सुटणारा प्रश्न नाही. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी याच आठवड्यात करून घ्या आणि तोपर्यंत गाडीची किल्ली आईकडे राहू द्या. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी लागणारे नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र डोळे न तपासता मिळवून देणारे लोक भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. नव्या गाडीतला कॅमेरा आणि आपोआप लागणारा ब्रेक ही कसर भरून काढील, अशी आशाही धरू नका.

वडिलांना ‘तुम्ही आता गाडी चालवू नका’ एवढेच सांगितले, तर ते दुखावतील आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. भाजी, बँक, मित्रांची बैठक आणि त्र्यंबकेश्वर हे सारे चालू राहील, याची व्यवस्था आधी करा आणि मगच बोला. शक्य असेल तर हे बोलणे डॉक्टरांच्या तोंडून होऊ द्या. जुनीच गाडी ठेवून महिन्यातून आठ वेळा चार तासांसाठी ड्रायव्हर बोलावला, तर फेरीला ६०० रुपये धरून ४,८०० होतात. रिक्षासाठी ३,००० धरा. एकूण ७,८०० झाले, म्हणजे योजनेच्या व्याजातच सारे बसते आणि मुद्दल शाबूत राहते. ड्रायव्हरचे लायसन्स परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तपासा, आणि विम्याच्या नूतनीकरणात पगारी चालकाला इजा झाल्यास मालकावर येणाऱ्या दायित्वाचे संरक्षण घ्यायला विसरू नका. त्याचा हप्ता वर्षाला अवघा ५० रुपये असतो.