चिकटवलेल्या काचेखालचा पत्रा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालची टाटा सफारी डायकॉर आहे. पावसाळा सरला की आम्ही काही मित्र सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाड्या घेऊन जातो. अशाच एका फेरीत गाडी उतारावर बाजूला घसरून दगडाला टेकली आणि तिसऱ्या रांगेशेजारची डावी काच फुटली. ही काच उघडत नाही. तिच्याभोवती रबर नव्हते, ती थेट पत्र्यावर चिकटवलेली होती. उजवीकडची काच शाबूत आहे, परंतु पावसात तिच्या खालच्या कोपऱ्याजवळ पाणी आत येते आणि तेथे रंगाला फुगवटे आले आहेत. गावातले कारागीर दोन्ही काचा सिलिकॉनने पक्क्या करून देतो म्हणतात. एक मित्र सुचवतो की ॲक्रिलिक लावावे, दुसरा म्हणतो की जुन्या जीपसारखे रबर घालून काच बसवावी. काय करणे योग्य? काम घरी होईल का, आणि झाल्यावर गाडी वाटेवर केव्हा काढावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फुटलेल्या काचेपेक्षा आपल्या उजव्या बाजूच्या फुगवट्यांची काळजी अधिक आहे. फुटलेली काच नवी आणता येते. परंतु ती ज्या कडेवर चिकटते तो पत्रा सडलेला असेल, तर कोणतेही महागडे चिकटद्रव्य तिला धरून ठेवणार नाही, कारण ते शेवटी रंगाला आणि गंजालाच चिकटलेले असते आणि गंज सुटला की त्याच्यासकट सुटते. म्हणून कामाचा क्रम आधी पत्रा, मग काच असा ठेवावा.

त्याआधी पाणी खरोखर काचेच्या कडेनेच येते का, याची खात्री करून घ्यावी. छतावरच्या कॅरियरचे बोल्ट, पन्हळीचा सांधा किंवा मागच्या दिव्यामागची जागा येथून शिरलेले पाणी अस्तराच्या आतून वाहत येऊन नेमके काचेच्या कोपऱ्यात दिसते. आतले प्लास्टिकचे अस्तर काढावे, एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, जोर न लावता, खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडावे. सुरुवातीलाच छतावर पाणी ओतले तर काहीच कळत नाही. नळीने उलगडा झाला नाही, तर फुटलेल्या काचेची जागा टेपने झाकून, बाकीच्या काचा बंद करून आतला पंखा पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेणाऱ्या स्थितीत चालवावा आणि काचेच्या कडेला बाहेरून साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे उठतात तेथे फट आहे.

आता सिलिकॉनविषयी. बाजारात सहज मिळणाऱ्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या लोखंडी पत्र्याला ते गंज आणते. दुसरे असे की त्याचा पातळ थर एकदा पत्र्यावर राहिला की पुढे त्यावर काच बसवण्याचे खरे चिकटद्रव्य, म्हणजे पॉलियुरेथेन, धरत नाही आणि तो थर थिनरने पुसून जात नाही, खरवडूनच काढावा लागतो. कारागिराचा हेतू चांगला असेल, पण उजव्या काचेच्या कडेने वरून सिलिकॉन फिरवणे म्हणजे आत साचलेले पाणी आतच कोंडणे होय.

रबराचा पर्याय जुन्या जीपगाड्यांवरून किंवा जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या छतालगतच्या अरुंद काचांवरून सुचला असावा. त्या गाड्यांत खिडकीच्या कडेला पत्र्याची एकच मोकळी कड असते, जी रबराच्या खाचेत शिरते. चिकटवण्याच्या काचेसाठी मात्र पत्र्याला आत दबलेली सपाट पायरी केलेली असते आणि तीवर रबर पकड घेत नाही. ॲक्रिलिकची अडचण प्रसरणाची आहे. तापमान ४० अंशांनी वाढले तर एक मीटर काच अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते, तर तेवढेच ॲक्रिलिक सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हा खेळ रोज चालतो आणि चिकटवलेली कड हळूहळू सुटत जाते. शिवाय झुडपे घासून ते लवकरच धुरकट होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १००वा नियम सुरक्षित काच किंवा मानकाला उतरलेले सुरक्षित ग्लेझिंग (काचेच्या जागी लावायचे पारदर्शक साहित्य) मागतो आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा अशी अट घालतो. काच विकत घेताना कोपऱ्यातली कोरीव मोहोर पाहावी. वाहनांच्या काचेचे भारतीय मानक आयएस २५५३, भाग २ हे आहे. नवी मिळाली नाही तर कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सफारीची काच शोधता येईल, मात्र तिच्या कडा बोटांनी नव्हे, नजरेने नीट तपासाव्यात. ही काच कडक केलेली असते, म्हणजे ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली; मध्यभागी ती बराच मार सोसते, परंतु कडेला टवका उडालेला असेल तर किरकोळ धक्क्यानेही तिचा चुरा होतो. तिला नंतर कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही.

डाव्या बाजूला काम करताना आधी व्हॅक्यूम क्लीनरने काचेचे तुकडे काढावेत, आणि केवळ सीटवरचे नव्हे. अस्तरामागच्या पोकळीत उतरलेले दाणे खाली पाणी निघून जाण्याच्या भोकांत अडकतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे डबके होते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत त्यातून नवा गंज सुरू व्हायला वेळ लागत नाही. उजवी काच शाबूत काढायची तर कडेतून वेणीसारखी गुंफलेली, थर कापायची तार आत घालून दोन माणसांनी, एकाने आतून व एकाने बाहेरून, आळीपाळीने ओढत जुना थर कापावा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सुरीने कापल्यास पाते पत्र्यावर घासते आणि ओरखड्यातून पुन्हा तोच गंज.

जुना थर पूर्ण खरवडून काढू नये. जेथे तो पत्र्याला घट्ट आहे, तेथे एक-दोन मिलिमीटर उंचीचा ठेवून वरून सपाट छाटावा, कारण नवे पॉलियुरेथेन ताज्या छाटलेल्या जुन्या पॉलियुरेथेनला सर्वांत चांगले धरते. जेथे फुगवटे आहेत तेथे मात्र लखलखीत पत्रा लागेपर्यंत घासावे. भोके पडलेली असतील तर डेंटरकडून तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यावा. चिकटवण्याच्या पायरीवर पुटी भरणे मला मुळीच मान्य नाही, कारण मग काच पुटीवर टांगलेली राहते. त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारावा आणि तो डब्यावर सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्तच वाळू द्यावा. रंगकाम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी काच चिकटवण्याची घाई करणारे गॅरेज टाळावे. आतला द्रावक अजून निघत असतो आणि तो चिकटलेला थर सोडवतो.

काचेच्या कडेवरचा काळा पट्टा शोभेचा नसतो. तो भाजून पक्का केलेला मिनाकारीचा थर असून त्यामुळे सूर्यप्रकाश पॉलियुरेथेनपर्यंत पोहोचत नाही, अन्यथा काही वर्षांत ते ठिसूळ झाले असते. या पट्ट्यावर आधी काचेचा क्लीनर, मग त्याच कंपनीचा प्रायमर लावावा आणि तो वाळेपर्यंत हात लावू नये. चिकटद्रव्याचा थर नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच पाडून द्यावा, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच अशी अखंड डोंगररांग उभी राहते. अशा थरास दर मीटरला सुमारे ४८ मिलिलिटर द्रव्य लागते. खिडकीचा परीघ तीन मीटर धरला तर सुमारे १४५, म्हणून ३१० मिलिलिटरच्या एका नळीत दोन्ही काचा कशाबशा होतील. दोन नळ्या घ्याव्यात, आणि त्यांवरची मुदत पाहून घ्याव्यात. ही उंची तुमच्यासारख्या वाचकाला फार महत्त्वाची आहे. सफारीची बॉडी स्वतंत्र चासीवर बसलेली आहे आणि खडकाळ वाटेवर तिरकस चाके वर-खाली गेली की खिडकीची चौकट थोडी पिळवटते. काच व पत्रा यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर लवचिक थर उरला असेल तर तो हा पीळ स्वतःत सामावून घेतो. काच घट्ट दाबून पत्र्याला टेकवली तर पहिल्याच चढावर तिची कड पत्र्यावर आपटेल. म्हणून रबराचे छोटे अंतरतुकडे चारही बाजूंना ठेवावेत, गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असावी, काच एकदाच सरळ ठेवावी आणि कागदी टेपने धरून ठेवावी. थर ओढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्यावर कातडी येते, म्हणून काच आधी कोरड्याने बसवून पाहिलेली बरी.

घरी हे काम होऊ शकते, दोन माणसे व सावली असेल तर. गंज कापावा लागणार असेल तर ते डेंटरवरच सोपवावे. काच बसवल्यावर पहिला दिवस दाराची एखादी काच दोन बोटे खाली ठेवावी, कारण बंद गाडीत दार आपटल्यावर होणारा दाब ताज्या थराला बाहेर ढकलतो. गावातल्या गावात हळू चालवण्यास दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. कच्च्या वाटेवर मात्र आठवडाभर नेऊ नये, आणि प्रेशर वॉशर त्याहून उशिरा.

प्रश्न : माझ्या थारच्या बाजूची काच एप्रिलमध्ये बदलून घेतली. तीन दिवसांनी आतल्या बाजूने सुई टोचून पाहिली तर चिकटद्रव्य खोलवर मऊच आहे. माल भेसळीचा आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तसे असेलच असे नाही. एक घटकाचे पॉलियुरेथेन उष्णतेने वाळत नाही, तर हवेतल्या बाष्पाशी प्रक्रिया होऊन कडेकडून आत घट्ट होत जाते. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना पहिल्या दिवसात ते साधारण तीन ते चार मिलिमीटर आत जाते. पुढे वरचा घट्ट थरच बाष्पाची वाट अडवतो, त्यामुळे दुप्पट जाडीला दुप्पट नव्हे, जवळपास चौपट वेळ लागतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आणखी लांबतो. गाडी रात्री बंद गॅरेजमध्ये, शेजारी पाण्याची पसरट घमेली ठेवून उभी करावी आणि दहा दिवस थांबावे. तरीही सुईला चिकट गोळा लागत असेल, तर नळीवरची मुदत विचारावी. सुईने पुन्हा पुन्हा टोचू नये. प्रत्येक भोक ही पाण्याची वाट आहे.

प्रश्न : बाजूची काच विम्यातून मिळते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वसमावेशक विमा असेल तर मिळते, आणि काचेच्या भागांवर घसारा (जुनेपणाची वजावट) कापला जात नाही. रबर व प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात, आणि गंजलेल्या पत्र्याचे काम अपघातात मोडत नसल्याने त्याचे पैसे मिळणार नाहीत. दावा केल्यास पुढच्या वर्षीची बिनदाव्याची सवलत साधारणपणे जाते. ती रक्कम काचेच्या किमतीपेक्षा मोठी असेल, तर खर्च खिशातून करणेच परवडते.