कार्यालयात व्हिवा एंगेज वापरायला सुरुवात करताना

तुमच्या विभागात व्हिवा एंगेज, म्हणजे सहकाऱ्यांनी आपसात नोंदी लिहिण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे कार्यालयीन समाजमाध्यम, सुरू होत आहे हे वाचून आनंद झाला. २००८ मध्ये यामर या नावाने आलेले आणि २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले हे साधन सुरुवातीला सदस्यांना एकच प्रश्न विचारत असे: तुम्ही सध्या कशावर काम करत आहात? पहिले काही आठवडे तुम्हीही फक्त याच प्रश्नाचे उत्तर लिहा.

‘काम चालू आहे’ अशा नोंदीचा कोणालाही उपयोग होत नाही. याउलट ‘पुरवठादाराचे दरपत्रक आले, वाहतूक खर्चाबाबत शंका आहे, हा करार पूर्वी कोणी हाताळला आहे का?’ असे दोन ओळींत विचारले, तर शेजारच्या विभागातील ज्या सहकाऱ्याला तुम्ही ओळखतही नाही, त्याच्याकडूनही उत्तर येऊ शकते, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल तेथेच आहे.

सुरुवातीच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात:

- पहिल्याच दिवशी डझनभर गट उघडणे. एक गट पुरे.
- तातडीचा निरोप येथे टाकून उत्तराची वाट पाहणे. त्यासाठी सरळ फोन करावा.
- ग्राहकांची माहिती, पगार किंवा एखाद्या सहकाऱ्याविषयीची तक्रार सर्वांसमोर लिहिणे. ही चूक मात्र कटाक्षाने टाळा.

वरिष्ठांनाही अधूनमधून लिहिण्याची विनंती अवश्य करा, कारण साहेब स्वतः उत्तर देतात हे दिसल्यावर बाकीच्यांचा संकोच लवकर मावळतो. हॅशटॅग आणि आकडेवारीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.